पिवळ्या बसमधलं पाणी

आक्काचा फोन आला तेव्हा मी शेतात कांद्याच्या रोपाला पाणी देत होतो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, रूथ. तिचा फोन नेहमी दुपारी येतो, जेवणं उरकल्यावर, आणि पहिली पाच मिनिटं माझ्या गुडघ्यांच्या चौकशीत जातात. त्या दिवशी तिनं चौकशी केली नाही. "दानू, तुझं दाजी गेलं," ती म्हणाली. "तू घाई करू नको. सावकाश ये." मग जरा थांबून, जणू एवढं सांगायचं राहून जाईल अशा काळजीनं, ती म्हणाली, "गाडीचा पंप चालू राह्यला हुता. मी बंद केलाय."

शेवगावजवळच्या आमच्या गावाहून सुप्याला पोचायला अडीच-तीन तास लागतात. ते सगळे तास मी त्या शेवटच्या वाक्याचा विचार करत काढले. नवरा गेल्यावर कुठली बाई पंपाचं सांगते? पण ज्यांनी आमच्या शांतवन दाजींचं घर पाहिलंय त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. त्या घरात पंप चालू राहणं ही खरोखरच सांगण्यासारखी गोष्ट होती. दाजी एकोणसत्तर वर्षांचे होते. अंगणात उभ्या असलेल्या बसच्या मागच्या पायरीवर बसून ते पाण्याचा फिल्टर बदलत होते. जुनी कँडल काढून बाजूला ठेवलेली, कँडलीवरचा बाउल, म्हणजे प्लॅस्टिकचं भांडं, उघडायचा गोल पाना हातात, आणि नवी कँडल प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट मांडीवर... आतली घाण धुऊन घ्यायला त्यांनी पंप जरा सुरू केला असावा, आणि तेवढ्यातच सगळं थांबलं. पंपाचा आवाज बंद होईना म्हणून आक्का बाहेर आली. त्या आवाजाचा तिला कान होता. किती वेळ चालला म्हणजे ठीक आणि किती वेळ चालला म्हणजे काही बिनसलं, हे तिला स्वयंपाकघरातून कळायचं.

या बसबद्दल सांगितल्याशिवाय दाजींबद्दल सांगता येणार नाही. वीस मुलं बसतील अशी ती एका शाळेची जुनी पिवळी बस. दाजींनी ती भंगारात निघताना घेतली आणि दीड वर्ष खपून तिचं चालतं घर केलं. आत दोन पलंग, एक ओटा, दप्तरं ठेवायच्या फळीवर भांडी, आणि मागच्या बाजूला, बसच्या मानानं भलतीच ऐसपैस, मोरी आणि संडास. रंग मात्र पिवळाच ठेवला. त्यामुळे कुठल्याही गावात शिरलं की पोरं शाळेची गाडी आली म्हणून पळायची, काही बसच्या दिशेनं, बरीचशी उलट्या दिशेनं. अशा गाड्यांतून हौशी लोक हल्ली हिमालयात जातात, त्यांचे व्हिडिओ आपण मोबाईलवर बघतो. दाजींची बस नगर जिल्ह्याबाहेर फारशी गेली नाही. तिला गरजही नव्हती. दाजींना आक्काला हिमालय दाखवायचा नव्हता, तिला उंबऱ्याबाहेर काढायचं होतं.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. सुरुवातीची पुष्कळ वर्षं दाजी मला फारसे आवडत नसत. मी शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक, आमच्या ख्रिस्ती आळीत तिसऱ्या पिढीचा शिकलेला, आणि बहिणीचा नवरा सुप्याच्या एमआयडीसीत पाना-पक्कड घेऊन फिरणारा फिटर, हे माझ्या नाकाला झोंबायचं. कंपनीत त्यांच्याकडं पाण्याचं काम होतं. बॉयलरला जाणारं पाणी, थंड करणारं पाणी, कँटीनचं पाणी, सगळे पंप, सगळ्या पाइपलाइनी. घरी आले की बोलणं तेच. एकदा जेवताना मी त्यांना ऐकवलं की दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेनं पडणारं बल. त्यांनी घास गिळला, मान डोलावली आणि म्हणाले, "ते तुमच्या पुस्तकात असंल गुरुजी. आमच्याकडं दाब म्हंजे पान्याची घाई." सगळे हसले, मीही हसलो, पण मला ते लागलं होतं. माझ्याहून वयानं आठ वर्षांनी मोठा माणूस मला 'गुरुजी' म्हणायचा, त्यात मान किती आणि चेष्टा किती याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही.

मग आक्काचं आजारपण आलं. आतड्याचं ऑपरेशन झालं, त्यातून ती वाचली, पण पोटाला डाव्या बाजूला एक वाट काढून तिथं कायमची पिशवी लावावी लागली. हे लिहू की नको असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, लिही, लपवण्यात माझी चार वर्षं गेली, आता आणखी घालवायची नाहीत. तर ती चार वर्षं आक्का घरातून बाहेर पडली नाही. पिशवी दिवसातून चार-पाच वेळा रिकामी करायची, धुवायची, भोवतीची कातडी स्वच्छ करायची. त्याला एकांत लागतो आणि पाणी लागतं, तेही कसलंही चालत नाही. गढूळ, खारट पाण्यानं तिथली कातडी लाल होऊन आग व्हायची. बारीक धारेनं निघत नसे आणि जोराची धार सोसत नसे. घरी दाजींनी सगळं तिच्या बेताचं करून दिलं होतं. पण बाहेर? एसटी स्टँडवरचा नळ? लग्नाच्या कार्यालयातली बादली? तिनं लग्नंकार्यं सोडली. माहेर सोडलं. आणि ज्या बाईनं पंधराव्या वर्षापासून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गाण्याची सुरुवात करून दिली होती, तिनं देऊळही सोडलं. प्रार्थनेत सगळे डोळे मिटून गप्प बसले की तिच्या पोटातून गुडगुड आवाज येई. कोणी वळून बघितलंही नसेल. पण तिला वाटायचं, सगळे ऐकतायत.

मी तिला समजवायला जायचो. मोठमोठ्या गोष्टी सांगायचो. धीर धर, लोकांचा विचार करू नको, मन खंबीर ठेव... पालथ्या घड्यावर पाणी. दाजी कधी समजवायला गेले नाहीत. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात अंगणात पिवळी बस येऊन उभी राहिली. मी म्हणालो, दाजी, हा म्हातारचळ आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला बसखाली टॉर्च धरायला बसवलं.

बसखाली त्यांनी दोनशे लिटरची टाकी बसवली. तिच्यातून पाणी उचलायला बॅटरीवर चालणारा छोटा पंप, त्यावर दाब कमी-जास्त करायचा स्क्रू. पंपाच्या पुढं फिल्टर दोन, एक गाळ अडवणारा, दुसरा कोळशाचा, वास घालवणारा. हे सगळं बसवून झालं आणि नळ सोडला तर पाणी धडक-धडक असं दचके देत यायला लागलं. मला वाटलं झालं काम, चाललं तर आहे. दाजी उकिडवे बसून अर्धा तास ती धार नुसती बघत राहिले. मग म्हणाले, "हे दचकं तिला चालायचं न्हाई." आठ दिवसांनी त्यांनी कुठूनशी फुटबॉलएवढी एक टाकी आणली. निम्मी हवा, निम्मं पाणी. पंपाचा दचका ती टाकी पोटात घ्यायची आणि पुढं धार एकसारखी जायची. बाहेरच्या नळाचं पाणी थेट आत घ्यायचं किंवा टाकीत भरायचं असेल तर मध्ये एक पितळी रेग्युलेटर आणि दाबाचं घड्याळ लावलेला पाइप होता. रेग्युलेटरच्या नटावर आणि अंगावर मिळून त्यांनी तांबड्या नेलपॉलिशची एक रेघ मारली होती. दोन्ही तुकडे जुळले की दाब बरोबर. खाऱ्या पाण्याचं मात्र त्यांच्याकडं काही औषध नव्हतं. कुठंही गेलं की ते आधी ओंजळीत पाणी घेऊन चव बघत. खारं लागलं की थुंकून पुढचं गाव गाठत. गाळून गाळ निघतो, मीठ निघत न्हाई, असं ते म्हणत.

आणि आक्काचा पहिला प्रवास झाला तो अंगणातल्या अंगणात. बस तयार झाल्यावर दाजींनी तिला कुठं चल म्हणून विचारलंच नाही. म्हणाले, घरातल्या मोरीची फरशी उखडायचीय, आठ दिवस बसमधली वापर. फरशीला काही झालेलं नव्हतं. ते तिलाही माहीत होतं. तरी तिनं वापरली. नवव्या दिवशी दाजींनी गाडी सुरू केली आणि पारनेर फाट्यापर्यंत जाऊन परत आणली. आक्का आतच होती, पलंगावर बसून शेंगा सोलत. परत आल्यावर ती म्हणाली, एवढ्यात आलो पण? त्यानंतर नेवाशाला प्रवरेच्या काठी एक दिवस. मग दोन दिवस. बसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दाजी जुन्या कँडली ओळीनं ठेवायचे. पांढऱ्या आणलेल्या कँडली, कुठली काळपट, कुठली मुरमासारखी तांबूस. त्या बघून कोणती कुठल्या विहिरीवर भरली ते ते सांगत.

या सगळ्या फिरण्यात त्यांची एक सवय होती, तिच्यावरून मी त्यांना भरपूर छळलं. गाडी उभी राहिली, पाणी जोडलं, घड्याळ बघितलं, रेघ जुळवली, की दाजी म्हणायचे, "जरा तोंड धुतो." मग आत जाऊन मोरीचं दार लावून घ्यायचे आणि दोन मिनिटांनी ओल्या चेहऱ्यानं बाहेर यायचे. कधी रेग्युलेटरचा नट इवलासा फिरवून पुन्हा आत जायचे, पुन्हा तोंड धुवायचे. त्यानंतरच आक्काला म्हणायचे, जा. मी म्हणायचो, दाजी, तोंड धुण्यासाठी एवढी मोठी गाडी? नवरदेव झालात काय या वयात? ते मिशीतल्या मिशीत हसायचे आणि टॉवेल खांद्यावर टाकायचे. एकदा तर मी चारचौघांत म्हणालो की आमच्या दाजींना पाणी दिसलं की राहवत नाही. तेव्हाही ते हसलेच.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळला आक्का माहेरी आली. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा. माझी बायको मार्था चार दिवस करंज्या करत होती. मी अंगण सारवून घेतलं होतं, बस थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी लागेल अशी जागा केली होती. बस आली, गळाभेटी झाल्या. दाजींनी मला बजावलं, "गुरुजी, पान्याचं मी बघतो. तुमी हात लावू नका." पण तेवढ्यात पाळकसाहेब भेटायला आले, मार्थानं दाजींना चहाला आत बोलावलं, आणि आक्का बसमधूनच मला म्हणाली, दानू, मला जरा मोरीत जायचंय, टाकीतलं पाणी संपत आलंय.

मी घराचा नळ सोडला. करंगळीएवढी धार आली. वरच्या टाकीचं पाणी, येणार किती? आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहीण इतक्या वर्षांनी माहेरी आली आणि माहेरानं तिला काय द्यावं, तर ही अशी चिमूटभर धार? आमच्याकडं पाहुण्याला तांब्या अर्धा भरून देणंसुद्धा अपमान समजतात. काठोकाठ भरायचा, थोडा सांडला तर आणखी चांगलं. शेजारी दोन-चार बाया बस बघायला उभ्या होत्या, त्या काय म्हणतील? बांधापाशी माझी पाच हॉर्सपॉवरची मोटर होती. तिचा काळा पाइप मी ओढत आणला. दाजींचा तो पितळी रेग्युलेटर मध्ये येत होता. म्हटलं, कशाला हे लोढणं, यानं उगाच पाणी अडतंय. ते काढून बाजूला ठेवलं, काळा पाइप थेट बसच्या तोंडाला लावला, क्लिप आवळली आणि स्टार्टरचं बटण दाबलं. तीस वर्षं आठवीच्या वर्गाला द्रवाचा दाब शिकवलेल्या माणसानं हे केलं.

पुढचं दहा-बारा सेकंदांत झालं. आधी बसमधून काठी मोडल्यासारखा आवाज आला, तो फिल्टरचा बाउल फुटल्याचा. मग ओट्याखालचा पाइप सुटला. मग मोरीतला हातात धरायच्या नळीचा फवारा निखळला आणि मोटरच्या तोंडचं पहिलं, तांबडं, गाळाचं पाणी सगळं आत घुसलं... आणि आक्का आत होती. मी स्टार्टरकडं धावलो. मोटर बंद करून वळलो तर ती बसच्या दारात उभी. नवं लुगडं चिखलानं माखलेलं, केसांतून तांबडं पाणी ओघळतंय, आणि एक हात पोटावर घट्ट दाबलेला. समोर आळीतल्या बाया. तिनं दार ओढून घेतलं. आतून तिचा एवढाच आवाज आला, "मला घरी न्या. आन् परत कुठं न्यायचं न्हाई."

मला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं असं वाटलं. दाजी चहाचा कप तसाच टाकून आले होते. त्यांनी काळा पाइप बघितला, बाजूला ठेवलेला रेग्युलेटर बघितला, माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होतो की हा माणूस आता मला बोलणार, आणि बोलावंच त्यानं. ते बसच्या बंद दाराकडं तोंड करून, आतल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमची चूक पानी जास्त दिल्याची हाय, कमी दिल्याची न्हाई. ही चूक दुरुस्त व्हती." मग मला म्हणाले, ठिबकचं सामान असंल घरात, ते सगळं आना.

अडीच तास ते बसखाली आणि ओट्याखाली होते. माझ्या कांद्याच्या ठिबकचे कोपरे, जोड, टोप्या, काय काय त्यांनी त्या गाडीत बसवलं. फुटलेल्या बाउलच्या जागी एक जुना निघाला, बसच्या पेटीत त्यांनी तो सुटा ठेवलेलाच होता. मार्था आत जाऊन आक्काजवळ बसली, तिला घरातून गरम पाणी नेऊन दिलं. मी टॉर्च धरून बसलो होतो. शेवटी दाजींनी माझा तोच करंगळीएवढा नळ जोडला. टाकी भरायला तास गेला. म्हणाले, बारीक धारंनं भरलं तरी टाकीच भरती. नव्या जोडांवर हात फिरवला, पंप लावला, आवाज ऐकला. मग म्हणाले, "जरा तोंड धुतो." आत गेले, ओल्या चेहऱ्यानं बाहेर आले, पंपावरचा स्क्रू इवलासा मागं घेतला, पुन्हा गेले. आणि आक्काला म्हणाले, "जा, बघ आता."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मग उठली आणि गेली. त्या दिवशी संध्याकाळच्या उपासनेला दाजींनी बस देवळाच्या दाराशी अशी लावली की शेवटचा बाक आणि बसची पायरी यांत सहा पावलं उरली. आक्का शेवटच्या बाकावर बसली. प्रार्थनेत सगळे गप्प झाले तेव्हा तिच्या पोटातून आवाज आला, मी ऐकला. ती हलली नाही. पुढच्या गीताला पेटीवाला सूर शोधत होता, तोवर मागून तिनं सुरुवात करून दिली. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, पण सूर तोच होता. दाजी बाहेर बसच्या पायरीवर बसून ऐकत होते. गळतीकडं लक्ष ठेवायला थांबलोय, असं त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं.

माफी मागायची माझी राहिली ती राहिलीच. ते त्या प्रसंगाला 'गुरुजींचा धबधबा' म्हणायचे आणि मला विषय काढू द्यायचे नाहीत. आता ते गेल्यावर मी ठरवलं की त्यांच्यासाठी एक काम तरी नीट करायचं. दफनविधी झाला, पाहुणे पांगले, आणि महिनाभरानं मी पूर्ण तयारीनं सुप्याला गेलो. घरामागं मी आक्कासाठी खोली काढली होती, लागूनच मोरी, संडास, गरम पाणी. आता हिनं इथं एकटीनं राहायचं नाही, बसमध्ये जीव अडकवायचा नाही. बस कोण चालवणार, तिचं पाणी कोण बघणार? एकजण मिसळीच्या गाडीसाठी ती मागतही होता. वाटेत मी सगळी वाक्यं जुळवली होती. मनात भीती एकच होती, की ती पुन्हा दार लावून बसली असेल आणि यावेळी दार उघडायला दाजी नाहीत.

आक्का बसच्या मागच्या पायरीवर बसली होती. हातात गोल पाना. माझी वाक्यं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली, तिच्या नवऱ्यासारखीच. मग म्हणाली, "खोली चांगली असंल. पर मी तुझ्याकडं पावनी म्हनून यीन, गाडी घिऊन. हंगामाच्या सनाला यीन. गाडी तू चालव." आणि मला बाउल दाखवला. दाजींच्या मांडीवर होती ती कँडल तिनं स्वतः बसवली होती. गळत नव्हती. कुठल्या बाजूला आवळायचं, किती आवळायचं, सगळं तिला माहीत होतं. इतकी वर्षं तिनं तो पंप नुसता ऐकला नव्हता.

मी म्हणालो, बरं, घड्याळ बघतो, रेघ जुळवतो, झालं ना? दाजींसारखं तोंड मात्र मी धूत बसणार नाही. मला तिला हसवायचं होतं. ती हसली नाही.

"तोंड न्हवतं ते धूत," आक्का म्हणाली. "मी त्यांला पोटावरली ती जागा कधी दावली न्हाई, दानू. इतक्या वर्सांत एकदा बी न्हाई. लाज वाटायची. त्यांनी बी कधी हट्ट केला न्हाई. एकदा मोरीचं दार नीट लागलं न्हवतं, तवा बघितलं मी. डोळा मिटून, पापनीवर फवारा धरून हुबं हुतं. मी इचारलं, ह्ये काय? तर म्हनले, मानसाच्या अंगावर पापनीपेक्षा मऊ कातडं न्हाई. हितं सोसलं तर तुला सोसंल."

मी म्हणालो, पण घड्याळ होतं की, रेघ होती. ती म्हणाली, कँडल भरत आली की दाब बदलतो, गावागणिक बदलतो, "आन् काट्याला काय कळतंय? त्याला कातडं थोडंच हाय?" मग तिनं पाना पुसून पेटीत ठेवला. दाबाची व्याख्या मी हजारभर मुलांकडून पाठ करून घेतली असेल. आणि ज्या माणसाला मी ओल्या तोंडावरून हिणवलं, तो प्रत्येक गावी, प्रत्येक नळावर, आधी स्वतःच्या डोळ्यावर पाणी घेऊन बघत होता. मला त्यांची फार आठवण येते, हे लिहायला आज मला कसलाही संकोच वाटत नाही.

गेल्या रविवारी आमच्या गावी हंगामाचा सण, पिकाचा पहिला वाटा देवाला वाहायचा, झाला. पिवळी बस मी चालवत आणली. आक्काच्या मांडीवर तिच्या अंगणातल्या पेरूंची पाटी होती, देवळात वाहायला. आळीतली पोरं नेहमीसारखी उलट्या दिशेनं पळाली. मोटरच्या पाइपाकडं मी ढुंकूनही पाहिलं नाही. घराच्या नळाचं पाणी ओंजळीत घेतलं, चव बघितली. मध्ये रेग्युलेटर लावला, तांबडी रेघ जुळवली, टाकी भरेपर्यंत थांबलो. मग आत जाऊन मोरीचं दार लावलं, फवारा हातात घेतला आणि डोळा मिटून पापणीवर धरला. टोचलं. जरासंच, पण टोचलं. बाहेर येऊन पंपावरचा दाबाचा स्क्रू इवलासा मागं घेतला, पुन्हा आत गेलो, पुन्हा डोळा मिटला. यावेळी पाणी पापणीवर आलं आणि घाई न करता गालावरून खाली गेलं. मी फवारा तसाच धरून उभा राहिलो. देवळाची पहिली घंटा झाली.

"दानू," बाहेरून आक्काची हाक आली, "किती येळ? काय करतुयास आत?"

"थांब जरा," मी म्हणालो. "तोंड धुतोय."